चौकोन पडतात की चित्र धुरकट दिसतं? टीव्हीचा बिघाड शोधायची रीत

मावशी चिपळूणला राहते. जुलैत एका रात्री तिचा फोन आला, "अरे, तुझ्या टीव्हीला काय झालंय बघ. माणसांच्या तोंडाचे चौकोन होतात आणि नेमकं बोलणं तुटतं." टीव्ही मी आणून दिलेला, त्यामुळे नीट चालतो तेव्हा तो तिचा असतो आणि बिघडला की माझा. डिशवाला माणूस दोनदा येऊन गेला होता. पहिल्या खेपेला त्याने रिमोटवर काहीतरी दाबलं, दुसऱ्या खेपेला बॉक्स बदलून पैसे घेतले आणि जाताना "मावशी, टीव्हीच जुना झालाय" असं ऐकवून गेला.

गणपतीत गेलो तेव्हा गच्चीवर चढून छत्रीच्या टोकाची पिन उघडली. वरून काळी इन्सुलेशन टेप चापूनचोपून गुंडाळलेली होती. टेप सोडवली तर आत पाण्याचा एक टपोरा थेंब, आणि मधली तांब्याची तार हिरवी पडलेली. वायरचा वीतभर तुकडा कापून टाकला, नवी पिन लावली, खाली आलो. चौकोन गेले. बॉक्सला काही झालं नव्हतं आणि टीव्हीलाही नाही.

असं घरोघरी होतं, कारण चित्र बिघडलं की आपण सगळ्यात महागड्या वस्तूकडे आधी बोट दाखवतो. उलटं करायला हवं. चित्र कसं बिघडलंय हे नीट पाहिलं तर दोष वाटेत कुठे आहे ते बसल्या जागी बरंचसं कळतं.

मेनूचं बटण

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं एकजण गच्चीवर अँटेना फिरवतोय आणि दुसरा खालून "आलं, आलं... गेलं!" म्हणून ओरडतोय, हे दृश्य घराघरांत होतं. तो सिग्नल अॅनालॉग होता. कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, शेजारच्या इमारतीवरून परतून आला की एका माणसाचे दोन दिसायचे. सिग्नल जितका चांगला तितकं चित्र चांगलं, हे आपल्या डोक्यात तिथून पक्कं बसलं.

डिजिटलमध्ये तसं होत नाही. डिशमधून किंवा केबलमधून येतात ते आकडे. वाटेत थोडे आकडे चुकले तर बॉक्स ते दुरुस्त करून घेतो, कारण पाठवतानाच दुरुस्तीपुरते जास्तीचे आकडे सोबत दिलेले असतात. चुका त्याच्या आवाक्यात असेपर्यंत चित्र संपूर्ण निर्दोष राहतं. त्या आवाक्याबाहेर गेल्या की थेट चौकोन, थांबलेलं चित्र, तुटका आवाज, आणि शेवटी निळा किंवा काळा पडदा. मध्ये पायऱ्याच नाहीत. म्हणून सिग्नल कमी असल्यामुळे रंग फिके पडले किंवा चित्र धुरकट झालं, असं डिजिटल जोडणीत होऊ शकत नाही. कुणी तसं सांगून नवीन छत्री गळ्यात मारत असेल तर नम्रपणे चहा पाजून निरोप द्या.

आता एक सोपी परीक्षा. चित्र बिघडलेलं असतानाच सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवर मेनूचं बटण दाबा. ती मेनूची अक्षरं बॉक्स स्वतः घरात तयार करतो, ती आकाशातून येत नाहीत. मागे चित्राचे तुकडे होताहेत पण मेनू स्वच्छ आहे, तर दोष बॉक्सच्या आधी आहे : छत्री, वायर, पिन किंवा केबलवाल्याची लाइन. मेनूच पुसट, ठिपक्यांचा किंवा थरथरता दिसतोय, तर दोष बॉक्स आणि टीव्हीच्या मधल्या जोडणीत. मेनू कोरीव आणि चॅनल मात्र सलग पण मऊ, धुरकट, तर दोष बहुधा कुठेच नाही. तो चॅनलच एसडी, म्हणजे कमी ठिपक्यांचा आहे. आणि टीव्हीच्या रिमोटवरून उघडणारा टीव्हीचा स्वतःचा मेनूही खराब दिसत असेल, तरच टीव्हीवर संशय घ्या.

मावशीला मी फोनवर हेच करायला लावलं होतं. मेनू लख्ख होता. त्यामुळे चिपळूणला जाताना सोबत काय न्यायचं ते मला ठाऊक होतं : पिना, कटर, ११ नंबरचा पाना.

दोन आकडे, दोन अर्थ

बॉक्सच्या सेटिंगमध्ये कुठेतरी सिग्नलचं पान असतं. त्यावर दोन पट्ट्या दिसतात : स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बहुतेक लोक पहिलीकडे बघून समाधान मानतात, आणि तिथेच फसतात.

स्ट्रेंग्थ म्हणजे वायरमधून किती ताकद येतेय. त्यात हवा असलेला सिग्नल आणि नको असलेला गोंगाट दोन्ही मोजले जातात. छत्रीच्या दांड्यावर बसलेला एलएनबी, म्हणजे छत्रीने गोळा केलेल्या लहरी वायरीत सोडणारा डबा, चालू असला की त्याचा स्वतःचा गोंगाटही या पट्टीत भर घालतो. क्वालिटी म्हणजे त्या गलबल्यातून कामाचं किती ऐकू येतंय. भाजी मंडईत आवाज भरपूर असतो, पण तुमच्या गिऱ्हाईकाचं बोलणं कळतंय का, हा प्रश्न वेगळा.

स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी शून्य असेल तर एलएनबीला वीज पोचतेय, पण छत्री भलतीकडे बघतेय किंवा एलएनबी आपल्या जागी फिरलाय. दोन्ही शून्य असतील तर वायर तुटलीय, पिनेत शॉर्ट आहे किंवा एलएनबी मेलाय. स्ट्रेंग्थ ठीक आणि क्वालिटी वरखाली नाचत असेल तर पिनेत पाणी, सैल जोड किंवा वाऱ्याने हलणारी छत्री. आणि काही चॅनल उत्तम, काही अजिबात नाहीत, असं असेल तर त्यामागे एक मजेदार कारण असतं.

बॉक्स त्याच वायरमधून एलएनबीला वीज पाठवतो, कधी १३ व्होल्ट, कधी १८. या दोन आकड्यांनी एलएनबीला कळतं की उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या थरथरणाऱ्या लहरी घ्यायच्या की आडव्या. वायर फार लांब, हलकी किंवा जागोजागी जोड दिलेली असेल तर १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत १४च्या खाली येतात, एलएनबी त्यांना १३ समजतो, आणि निम्मे चॅनल गायब होतात. अशा वेळी लोक पॅकेज संपलं का म्हणून रिचार्ज करत बसतात.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉक्सचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. शेजाऱ्याचा ९० आणि तुमचा ७० याला अर्थ नाही. तुमचाच कालचा आणि आजचा आकडा ताडा.

पिन, वायर आणि पाणी

माझ्या अनुभवात दहातले सात बिघाड इथेच निघतात. म्हणून इथे जरा थांबू.

छत्रीचा एलएनबी उपग्रहाकडून आलेल्या साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झच्या लहरी खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये आणतो आणि वायरमध्ये सोडतो. खाली उतरवल्या तरी या लहरी वायरीत झिजतातच. आरजी-६ जातीच्या चांगल्या वायरमध्ये वरच्या टोकाच्या फ्रीक्वेन्सीला ३० मीटरमागे ९ ते १० डेसिबल जातात. १० डेसिबल म्हणजे निघालेल्या ताकदीचा फक्त दहावा हिस्सा पोचला. बॉक्सला तेवढा पुरतो, पण मध्ये दोन जोड आणि एक कुजकी पिन आली की हिशेब कोलमडतो. दुकानात बारीक, मऊ, स्वस्त वायर मिळते, ती जुन्या अँटेनाच्या काळातली. छत्रीसाठी ती घेऊ नका. वायरवर आरजी-६ आणि ७५ ओहम छापलंय का ते वाचा. आतली तार संपूर्ण तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी, याची चिंता २०-२५ मीटरपर्यंत करू नका, कारण इतक्या उंच लहरी तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतात. त्याहून लांब जायचं असेल तर मात्र संपूर्ण तांबं घ्या, ते एलएनबीच्या विजेसाठी.

पिन लावण्याआधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा. वायरमध्ये वीज असते. पिन काढता-लावताना मधली तार तिच्याभोवतीच्या तारांच्या जाळीला टेकली तर बॉक्सचा तो भाग जळू शकतो.

मग वायरचं टोक नव्याने कापा. तांबं काळं किंवा हिरवं दिसत असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे मागे कापत जा, कंजुषी करू नका. वरचं काळं आवरण टोकापासून सुमारे दीड सेंटिमीटर सोला, पण ब्लेड हलक्या हाताने फिरवा, आतली जाळी कापली जाता कामा नये. जाळीच्या तारा उलट्या वळवून आवरणावर मागे चपट्या बसवा. आता पुढे राहिलेला पांढरा फोम सुमारे ८ मिलिमीटर कापा म्हणजे मधली तार उघडी होईल. पिन दाबत, फिरवत आत ढकला, फोमचा पांढरा भाग पिनेच्या आतल्या तळाशी समपातळीत दिसेपर्यंत. मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर २-३ मिलिमीटर राहू द्या. कमी राहिली तर बॉक्सच्या भोकात टेकत नाही, जास्त राहिली तर आतलं भोक सैल करून ठेवते.

शेवटी पिनेत एका डोळ्याने नीट बघा. जाळीची केसाएवढी एक तार जरी मधल्या तारेला टेकली असेल तरी सगळं शॉर्ट. ही केसभर तार मी तीन वेळा शोधली आहे, त्यातली दोन वेळा माझ्याच हातची होती.

हाताने पिळून बसवायच्या पिना घरात चालतात, गच्चीवर त्या काही पावसाळ्यांत ढिल्या होतात. गच्चीसाठी यंत्राने दाबून बसवायची कॉम्प्रेशन पिन घ्या. ते यंत्र तुमच्याकडे नसेल, पण केबलवाल्याकडे असतं. पाना लावून पिन घट्ट करताना बोटांनी बसवल्यावर वर फक्त थोडा पीळ द्या.

आता पाणी. साधी इन्सुलेशन टेप पाणी अडवत नाही, आत गेलेलं पाणी बाहेर पडू देत नाही. मावशीच्या पिनेवर तेच झालं होतं. रबरी टोपी किंवा स्वतःला चिकटणारी रबरी टेप वापरा. आणि एलएनबीपासून वायर सरळ खाली न आणता तिला झोळीसारखा झोक द्या, पिनेपेक्षा खाली उतरून मग वर चढणारा. पागोळीचं पाणी जसं कौलाच्या टोकावरून गळतं तसं ते झोक्याच्या तळावरून गळून जातं, पिनेकडे जात नाही. वायर खिडकीतून घरात शिरते तिथेही असाच झोक द्या, नाहीतर पाणी वायरीवरून चालत बॉक्सच्या पाठीपर्यंत येतं. हसू नका, येतं.

समुद्राजवळच्या गावांत खारी हवा पिना लवकर खाते. तिथे आगोटीच्या कामांत कौलं शाकारण्याबरोबर पिना बदलणं धरा. खर्च पिनांचाच, तो किरकोळ.

छत्रीची नजर

घरी बसवलेली ६० सेंटिमीटरची छत्री साधारण ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे बघत असते, आणि तिच्या नजरेची रुंदी जेमतेम तीन अंश असते. एक अंश सरकणं म्हणजे छत्रीची कड फक्त अर्धा सेंटिमीटर हलणं. वाळत घातलेली गोधडी, दांड्यावर बसणारा कावळा, कोकणात वानरं, एवढ्याने ते होतं. म्हणून दिशा बघण्याआधी खांब हलतोय का ते हाताने धरून बघा. मग खांबाला ओळंबा लावा. खांब ओळंब्यात नसेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना ती वर-खालीही जाते आणि तुम्ही दिवसभर शोधत बसता.

महाराष्ट्रातून आपल्या वापरातले उपग्रह आग्नेयेकडे दिसतात. पुण्यातून डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ (९३.५ अंश पूर्व) उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर आहे. टाटा प्लेची जागा ८३ अंश पूर्व, ती पुण्यातून जास्त दक्षिणेला, सुमारे १५३ अंशांवर आणि ६६ अंश उंच. मुंबई, नाशिक, कोल्हापूरला हे आकडे दोन-चार अंशांनी बदलतात, नागपूरला त्याहून जास्त. मोबाइलचं होकायंत्र चालतं, फक्त लोखंडी खांबापासून आणि पत्र्यापासून चार पावलं दूर उभं राहून दिशा घ्या, एखादी खूण धरा आणि मग छत्रीकडे या.

इथे डोळा फसतो. घरगुती छत्रीचा एलएनबी मध्यावर नसून खाली असतो, त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असते. ५९ अंशांवर बघणारी छत्री आपल्याला समोरच्या आंब्याकडे बघतेय असं वाटतं आणि आपण उगाच आंबा छाटतो. उलट, चार वर्षांपूर्वी खुजा असलेला नारळ खरोखर आड आलेला असतो तो लक्षातच येत नाही. झावळी वाऱ्याने हलली की चौकोन आणि वारा पडला की चित्र, अशी लय दिसली तर झाडच.

दिशा जुळवताना घाई नडते. खाली कुणाला तरी क्वालिटीची पट्टी दाखवून फोन चालू ठेवायला सांगा. उंची ठरावीक अंशावर धरा, बोल्ट फिरवता येईल इतपत सैल ठेवा, छत्री एका बाजूने बोटभर सरकवा आणि पाच-सहा सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. न थांबता फिरवत गेलात तर उपग्रह समोरून निघून जातो आणि बॉक्सला कळतही नाही. क्वालिटी उठली की तिच्या दोन्ही बाजूंना, जिथे ती पडते तिथवर जा, दोन्ही जागांवर पेन्सिलने खुणा करा आणि बरोबर मध्यावर या. नुसता सर्वांत मोठा आकडा दिसला तिथे थांबू नका. मग उंचीचं तसंच करा. शेवटी एलएनबी आपल्या कड्यात घड्याळाच्या काट्यासारखा थोडा डावी-उजवीकडे फिरवून बघा; ध्रुवण जुळलं की क्वालिटी आणखी चढते. बोल्ट आळीपाळीने आवळा, एकच बोल्ट एकदम आवळला तर छत्री ओढली जाते.

एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकली असेल किंवा कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर बांधलं असेल तर आधी ते बघा. आणि पाऊस, विजा, ओला पत्रा किंवा जवळून जाणारी विजेची तार असेल तर वर चढूच नका. मालिका उद्याही असते.

पावसात जातं ते किती जावं?

या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. मोठ्या सरीतले थेंब त्या शोषतात आणि इकडेतिकडे फेकतात. म्हणून धो-धो पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं हा बिघाड नाही. केबलवाल्याचं चित्र त्याच सरीत टिकतं याचं एक कारण म्हणजे त्याच्या गच्चीवरच्या भल्यामोठ्या छत्र्या बहुतेक सी-बँडच्या असतात. ती लहर साडेसात सेंटिमीटरची, पावसाला फारशी दाद देत नाही.

बिघाड कुठे सुरू होतो ते पावसाकडे बघूनच ओळखा. रिमझिमीत चित्र जात असेल तर हाताशी शिल्लकच नाही, दिशा किंवा पिन कमी पडतेय. पाऊस थांबल्यावर काही मिनिटांत चित्र परत यायला हवं. ते दोन तासांनी, ऊन पडल्यावर येत असेल तर पाणी पिनेत आहे, आकाशात नाही. एचडी चॅनल आधी जातात आणि एसडी टिकतात, हेही सहसा साधं आहे. एचडीसाठी एकाच लहरीत जास्त माहिती दाटून भरलेली असते आणि ती वाचायला क्वालिटी जास्त लागते.

सगळं नीट असूनही कोकणात किंवा घाटमाथ्यावर रोज चित्र जात असेल तर ९० सेंटिमीटरची छत्री हा खरा उपाय. तिचं क्षेत्रफळ ६०च्या सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबलची जास्तीची शिल्लक. कोरड्या दिवशी तिने चित्रात तसूभरही फरक पडणार नाही.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस ठरावीक वेळी पाचदहा मिनिटं सिग्नल जातो, लख्ख उन्हात. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. कुणाला फोन करू नका.

केबलवाल्याची लाइन

मुंबईत २०१२च्या अखेरीस आणि पुण्यासारख्या शहरांत २०१३ पासून केबलही डिजिटल झाली. तेव्हापासून मुंग्या गेल्या, चौकोन आले. घरात वायर दोन टीव्हींना वाटायची असेल तर जो स्प्लिटर बसवतात तो प्रत्येक फाट्याला निम्म्याहून थोडी कमी ताकद देतो, सुमारे ३.५ ते ४ डेसिबलचं नुकसान. चार फाट्यांचा असेल तर ७-८ डेसिबल. म्हणून दोनच टीव्ही असताना चार तोंडांचा स्प्लिटर लावू नका, आणि लावलाच तर रिकाम्या तोंडांवर ७५ ओहमची टोपी बसवा.

कमी पडलं की बूस्टर लावायची आपल्याकडे पद्धत आहे. बूस्टर गोंगाटही तितकाच वाढवतो. शिवाय आधीच पुरेसा असलेला सिग्नल आणखी फुगवला की तो बॉक्सच्या तोंडाशी विस्कटतो. स्ट्रेंग्थ १०० आणि क्वालिटी पडलेली, असं दिसलं तर बूस्टर काढून बघा. छत्रीच्या वायरला तर साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवता येतच नाहीत, कारण एक बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा दुसरा १८. तिथे दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वेगळ्या वायरी लागतात.

बॉक्स ते टीव्ही

आता धुरकट चित्राकडे. मी किती घरांत ५५ इंची टीव्ही आणि एचडी बॉक्स यांच्यामध्ये पिवळी-लाल-पांढरी वायर पाहिली, मोजदाद नाही. जुन्या टीव्हीची वायर होती, ती लावून टाकली. त्या पिवळ्या वायरीत उजेडाची आणि रंगाची माहिती एकत्र कालवून पाठवतात आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. ती पुरती वेगळी होत नाही, म्हणून चौकड्यांच्या शर्टवर इंद्रधनुष्य सळसळतं आणि लाल अक्षरांच्या कडा मुंग्यांसारख्या चालतात. एचडीचे पैसे दरमहा भरायचे आणि बघायचं मात्र एसडी.

एचडीएमआय वायर लावा. १०८० रेषांच्या चित्रासाठी दीड मीटरची, हाय स्पीड लिहिलेली साधी वायर पुरते. सोन्याचा मुलामा, जाड विणलेलं आवरण, चौपट किंमत, यांनी रंग गडद होत नाहीत. तिथेही आकडेच जातात. ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने देणारा बॉक्स किंवा गेमचं यंत्र असेल तर १८ गिगाबिटची प्रीमियम हाय स्पीड वायर घ्या. त्यातही टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय तोंडापुरता जास्त क्षमतेचा पर्याय अनेकदा बंद असतो, तो चालू करा. पडद्यावर पांढरे ठिपके चमकणं किंवा क्षणभर काळोख होऊन चित्र परत येणं ही खराब किंवा सैल एचडीएमआयची खूण. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागे वायर काटकोनात दुमडून दाबलेली असते, आधी तिथे हात घाला.

एचडीएमआय नसलेला जुना बॉक्स असेल तर पिवळीशिवाय इलाज नाही. चित्र आलं पण काळंपांढरं आलं, तर घाबरू नका. अनेक टीव्हींवर पिवळ्या पिनेसाठी आणि कंपोनंट नावाच्या तीन-वायरी जोडणीच्या हिरव्या पिनेसाठी एकच भोक असतं. इनपुट निवडताना एव्हीऐवजी कंपोनंट निवडलं गेलंय. काही नव्या टीव्हींना इयरफोनसारखं एकच बारीक भोक असतं. त्याच्यासोबत आलेलीच जोडवायर वापरा; दिसायला सारख्या असल्या तरी कुणाच्या पिनेत चित्र कुठल्या कड्यावर आहे ते वेगवेगळं असतं.

वायर बदलून काम संपत नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचं आउटपुट बघा. तिथे ५७६ राहिलेलं असेल तर ते १०८० करा. आकार १६:९ करा, नाहीतर जुन्या चॅनलवरची माणसं भाकरी थापल्यासारखी रुंद दिसतात. टीव्हीत स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन असा पर्याय असेल तो निवडा. तो नसला की टीव्ही चित्राच्या कडा कापून उरलेलं ताणतो, आणि खालची बातम्यांची पट्टी अर्धी गायब होते. काळा रंग राखाडी आणि सगळं दुधाळ दिसत असेल तर ब्लॅक लेव्हल किंवा एचडीएमआय रेंजचा पर्याय एकदा बदलून बघा. बॉक्स आणि टीव्ही काळ्याची सुरुवात वेगवेगळ्या आकड्यापासून मोजत असतात. शार्पनेस मात्र कमी करा. तो तपशील आणत नाही, कडांना पांढरी किनार काढतो आणि एसडी चॅनलचा कचरा उठून दाखवतो.

एवढं करूनही एसडी चॅनल मोठ्या टीव्हीवर मऊच दिसणार. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. ४के पडद्यावर जवळपास ८३ लाख. दर वीस ठिपक्यांतला एक टीव्हीला मिळतो, बाकी एकोणीस तो अंदाजाने रंगवतो. चॅनलची एचडी आवृत्ती असेल तर ती घ्या, नसेल तर दोन फूट मागे बसा.

इंटरनेटवरून बघताना रोग वेगळा. तिथे सिग्नल कमी पडला की चौकोनांऐवजी चित्रच हलक्या दर्जाचं होतं आणि वेग सुधारला की पुन्हा खुलतं. १०८० साठी ५ आणि ४के साठी १५ मेगाबिटचा वेग टीव्हीपर्यंत पोचायला हवा. मोबाइलवर मोजलेला नाही, टीव्हीवर मोजलेला. राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात असेल तर बाहेर काढा, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय निवडा. जमलं तर सरळ लॅन वायर ओढा.

मावशीकडून निघताना बॉक्सच्या डोक्यावर एक कागद चिकटवला : "ऊन असताना क्वालिटी ७४, स्ट्रेंग्थ ८१", खाली तारीख. पुढच्या जुलैत तिचा फोन आला तेव्हा मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "सकाळी ऊन होतं तेव्हा क्वालिटी ७२ होती हो. म्हणजे आता पाऊसच आहे. थांबते दहा मिनिटं."